झेंडावंदनानंतरचं निंदण

झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, बुंदीच्या पुड्या वाटून संपल्या, आणि आता जिल्हा परिषद शाळेच्या मागं खरी गर्दी जमते आहे. चिमूरहून कोलारा गेटाकडं जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत असलेलं हे गाव. शाळेमागं सोयाबीन, त्यापलीकडं धानाच्या बांध्या, आणि बांध्या संपतात तिथून ताडोबाच्या बफरचं जंगल सुरू होतं. दोन दिवसांची झड पहाटे थांबली आहे. चपला चिखलात रुततात म्हणून बहुतेकांनी त्या शाळेच्या ओट्यावर काढून ठेवल्या आहेत. त्या ढिगातली कुठली कुणाची, यावरून जाताना भांडण ठरलेलं आहे.

पहिला गोंधळ कपड्यांचा. मुलं पांढऱ्या शर्टात आहेत आणि पुढ्यात ओला काळा चिखल. सर ओरडतात, "पहिले घरी जा, कपडे बदलून या!" निम्मी पोरं पळतात. उरलेली निम्मी ऐकलंच नाही असं दाखवून वाफ्यात उतरतात. कुंपणाबाहेरून एक बाई हातातलं टोपलं खाली ठेवून सरांनाच धरते, "अवो सर, त्या पोट्ट्याले बाहेर काढा ना! थोच शर्ट घालून उद्या चिमूरले जायचा हाय."

उद्या 16 ऑगस्ट. चिमूर परिसरातल्या मुलांना या तारखेचं वेगळं काही सांगावं लागत नाही. 1942 साली तो नागपंचमीचा दिवस होता. तुकडोजी महाराजांचा त्या वर्षीचा चातुर्मास चिमूरला होता आणि त्यांच्या खंजिरीवरच्या भजनांनी गाव आधीच तापलं होतं. मिरवणूक निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. मग खवळलेल्या जमावानं सरकारी अधिकाऱ्यांना ठार केलं, आणि नंतर आलेल्या पलटणीनं गावातल्या बायाबापड्यांवर जे केलं त्याच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींना 63 दिवस उपोषण करावं लागलं. त्या शर्टाला उद्या हुतात्मा स्मारकासमोर उभं राहायचं आहे. पोरगा शर्ट काढून बनियनवर कामाला लागतो, आणि आईचा प्रश्न सुटतो.

बाग फार मोठी नाही. शाळेच्या आवारातल्या पडीक कोपऱ्यात गोल आखणी केलेली आहे. मधोमध एक खड्डा, त्यातून निघालेला लवकीचा वेल बांबूच्या मांडवावर चढवलेला, आणि भोवती वाटोळे सात वाफे, मध्ये पाय टाकायला वाटा. आठवड्याच्या सात दिवसांना सात भाज्या, असा हिशेब. राज्याच्या 'उमेद' अभियानानं बचत गटांमार्फत 'माझी पोषण परसबाग' गावोगाव पोचवली, तेव्हापासून ही गोल आखणी इकडच्या बायांच्या हातात बसली आहे. गटाच्या अध्यक्ष ताई आजही दोरी आणि खुंटी घेऊन आल्या आहेत, कारण पावसानं दोन वाफ्यांची कड खचली आहे. खुंटी मध्यभागी ठोकून त्या दोरी ताणतात आणि चालत चालत वर्तुळ काढतात. चौथीतली दोन मुलं मागून राख टाकत येतात. भूमितीचा हा तास कुठल्याही वेळापत्रकात नाही, आणि सरांनाही तो घेतल्याचं भान नाही. ते ओट्यावर उभे राहून कुणाशी तरी फोनवर झेंडावंदनाचे फोटो पाठवल्याचं बोलत आहेत.

आज एवढी माणसं येण्याचं कारण साधं आहे. रोवणा अजून पुरता आटोपलेला नाही, पण झेंड्याच्या दिवशी बांधीत कुणी उतरत नाही. एरवी या बाया सकाळी सातलाच पऱ्ह्यांच्या जुड्या घेऊन चिखलात वाकलेल्या असतात आणि संध्याकाळी परततात तेव्हा शाळा बंद झालेली असते. बागेत रोज हात लावतात ती मुलं आणि म्हातारी माणसं. मधली पिढी सणासुदीला येते. शहरात बसून सामूहिक बागेचे गोडवे गाणाऱ्यांना हे वेळेचं गणित दिसत नाही. कुणाची आजची मजुरी बुडते आणि कुणाची बुडत नाही, यावर इथं कोण स्वयंसेवक होणार ते ठरतं.

निंदणाला सुरुवात होते ती दोडक्याच्या वाफ्यापासून. पाचवी-सहावीची पोरं ओळीनं बसतात, हातात विळे आणि खुरप्या. त्यांचा वेग जबर आहे. दिसेल ते हिरवं उपटून मागं फेकायचं, एवढंच त्यांना कळतं. मागून कमरेत वाकलेली एक आजी येते, फेकलेल्या ढिगातून मूठभर पाला उचलते आणि उभी राहते.

"हे कोनं उपटलं?"

कुणी बोलत नाही.

"अरे, घोळ हाय हे! भाजी हाय. आनी हा केना. भजे करतेत याचे."

"आजी, सरनं सांगतलं, दोडका सोडून सगळा कचरा," एक पोरगा धीर करून म्हणतो.

"सरले काय मालूम?" आजी ढिगापाशी फतकल मारते आणि निवड सुरू करते. घोळ एका बाजूला, केना एका बाजूला, काटेमाठाचे कोवळे शेंडे तिसरीकडं. तरोट्याचं रोप हातात आल्यावर ती ते नाकाशी नेते आणि टाकून देते. आखाडात पहिला पाऊस पडल्यावर आठ-पंधरा दिवस त्याचा पाला कोवळा असतो, तेव्हाच खावा. आता तो निबर झाला आहे, फुलावर येईल. गाजरगवताला मात्र ती हात लावत नाही, पदरानं धरून कडेला फेकते आणि पोरांनाही दम देते, "याले हात नोको लावू, खाजवत बसान रातभर." दहा मिनिटांत पोरांचा वेग निम्म्यावर येतो. प्रत्येक रोप उपटण्याआधी आता हात वर होतो आणि हाक जाते, "आजी, हे?" निंदण मागं पडतं, त्यावरून गटातल्या एक ताई कुरकुरतातही. मला मात्र वाटतं, आजच्या सकाळी या बागेत सगळ्यांत मोलाचं काम हेच चाललं आहे. आजीच्या पुढ्यातली रास वाफ्यातल्या पालकापेक्षा मोठी झाली आहे, आणि तिला ना बी लागलं ना खत.

कुंपणाकडं वेगळीच फौज आहे. पावसाळ्यात ताडोबाच्या कोअरमधली सफारी बंद असते, त्यामुळं एरवी पहाटेच गेटावर गाडी घेऊन उभे राहणारे जिप्सीचालक आणि गाइड सध्या गावात सापडतात. असे तिघं-चौघं सब्बल, कोयता आणि बांबू घेऊन आले आहेत. कुंपण म्हणजे बोराटीचे काटे, त्यावर जुन्या साड्या. लाल, पोपटी, जांभळ्या, जरीचे काठ विटलेल्या साड्या खांबाखांबाला ताणून बांधलेल्या. रानडुकरं हलत्या कापडाला बिचकतात असा अनुभव आहे. इकडच्या शेतांचे धुरेच्या धुरे असे साड्यांनी गुंडाळलेले दिसतात. परवाच्या झडीत दोन खांब पडले आणि त्या फटीतून डुकरं आत आली. रताळ्याचा वाफा त्यांनी असा उकरला आहे की तिथं काही लावलं होतं हे सांगावं लागतं.

"साड्या आनखी पायजे," कोयतेवाला तरुण म्हणतो.

"तुह्या बायकोच्या आन," गटातून उत्तर येतं आणि हशा होतो.

"तिच्या नेसायच्याच चार हायत!"

शेवटी एक सूनबाई घरी जाऊन गाठोडं आणते. त्यातली एक मोरपंखी साडी बघून तिची सासू पुढं होते, "ही नोको, ही माह्या भावानं घेतली होती." साडी परत गाठोड्यात. बाकीच्या तीन कुंपणाला जातात. तोच तरुण खांबाची माती ठोकता ठोकता मला सांगतो की सकाळी पुरतं उजाडल्याशिवाय इकडं कुणी पाणी घालायला येत नाही, आणि मुलांना एकेकटं पाठवत नाहीत. जंगल चारशे-पाचशे पावलांवर आहे. 2010 मध्ये बफर जाहीर झालं. या गावांचं जगणं आणि वाघाचं जगणं एकमेकांत मिसळलेलं होतंच, ते तेव्हा कागदावर आलं. बागेची वेळ सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच, ही पाटी दारावर कुणी लावलेली नाही. ती सगळ्यांना पाठ आहे.

कुंपणावरच एक काटवलाचा वेल चढला आहे. कुणी लावलेला नाही, जंगलातून आला. पानं दाट, पिवळी फुलं भरपूर, पण एकही काटवल नाही. चिमूरच्या बाजारात या दिवसांत काटवलाला मटणाच्या तोडीचं मोल येतं, म्हणून पोरांचं त्यावर लक्ष आहे. भगवी टोपी घातलेले आबाजी येऊन फूल उलटून पाहतात. "नर हाय हा," ते निकाल देतात. काटवलाचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, नराला फूल येतं, फळ धरत नाही. मादी वेलाच्या फुलाच्या देठाशी इवलंसं काटेरी बाळफळ आधीपासूनच दिसतं. "मादीचा कांद आनून लावा बाजूले, मंग पाहा." गाइड पोरगा लगेच सांगतो की अमुक नाल्याच्या काठावर एक वेल आहे, पण तिथं सध्या जाऊ नये. कारण विचारायची गरज कुणालाच पडत नाही.

आबाजी ऐंशीच्या घरातले. गुरुदेव सेवा मंडळाचे जुने सेवक. संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना त्यांच्याशिवाय सुरू होत नाही. 1942 त्यांच्या जन्माआधीचं, पण तुकडोजी महाराज त्यांनी पाहिले आहेत. हा सगळा मुलूखच महाराजांच्या पायाखालचा. तरुणपणी महाराज रामदेगी, गोंदोडा या बाजूच्या जंगलात राहिले, आणि गोंदोड्याच्या गुंफेला अजून यात्रा भरते. ऑगस्टमधल्या त्या धामधुमीनंतर महाराजांना अटक झाली, नागपूर आणि रायपूरचा तुरुंग झाला, आणि बाहेर आल्यावर त्यांनी खेड्यांकडं अधिकच लक्ष लावलं: झाडलोट, प्रार्थना, श्रमदान. 1955 ची ग्रामगीता त्यातूनच आली. इकडं तिची पोथी देव्हाऱ्यात असते. पुढं ब्रह्मपुरीकडं अड्याळ टेकडीवर तुकारामदादा गीताचार्यांनी लोकांच्या श्रमावर एक उजाड टेकडी फुलवली, आणि तिथं राबून आलेली माणसं या पट्ट्यात गावोगाव भेटतात. सरकारी योजनेचा फलक बागेच्या दारावर लागण्याआधी कित्येक वर्षं 'रविवारी श्रमदान' हे शब्द या गावात रुळलेले होते. योजनेनं बी दिलं, आखणी दिली. चार माणसं बोलावल्यावर येतात ही सवय मात्र तिला आयती मिळाली.

आबाजी स्वतः आता वाकू शकत नाहीत. लवकीच्या मांडवाखाली खुर्ची टाकून ते सुतळीचे तुकडे करून देतात. आणि चुका काढतात.

हापशीपाशी सातवीतल्या तीन मुली जीवामृत करायला बसल्या आहेत. तुळतुळीत वेण्या, पांढऱ्या रिबिनी, आणि बादलीत शेण. त्यांचा खरा घोळ मापाचा आहे. गटाच्या ताईंकडं कागद आहे तो एकराचा: 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. बादली 20 लिटरची. ताई अंदाजानं गूळ टाकायला निघतात, तर एक मुलगी हात धरते. "थांबा ताई. दहावा हिस्सा. एक किलो शेन, एक लिटर गोमूत्र, गूळ दोनशे ग्राम."

"अन् माती?"

मुलगी अडते. मूठभरचा दहावा हिस्सा काढता येत नाही. "चिमूटभर," ती ठरवते, आणि वडाखालची माती चिमटीत घेऊन येते. लाकडी दांड्यानं ढवळण्याचं काम मग वाटून घेतलं जातं, रोज दोनदा, सावलीत, गोणपाट झाकून. ढवळणाऱ्यांची नावं वहीत लिहिली जातात. ही वही हे या बागेचं सगळ्यांत कडक खातं. कुणी किती पाणी घातलं, किती भाजी निघाली, कुठं गेली, सगळं त्यात.

भाजीचा पहिला हक्क शाळेच्या भांड्याचा. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम तांदळासोबत 50 ग्रॅम भाजी द्यायची असते, सहावी-सातवीला 150 ग्रॅम तांदूळ आणि 75 ग्रॅम भाजी. शाळेत पोरं साठेक. म्हणजे रोज साडेतीन किलोच्या आसपास. एवढं एकट्या बागेतून निघत नाही, निघणारही नाही. पण स्वयंपाकाच्या बाई सांगतात की श्रावण-भादव्यात निम्मं तरी इथलंच असतं, आणि बाजारातून न आणावी लागणारी वस्तू म्हणजे सांबार (कोथिंबीर), गोडनिंब आणि मिरची. हात धुण्याचं पाणी जिथून वाहतं तिथं धोप्याची पानं छत्रीएवढी झाली आहेत. अंबाडी गुडघ्याएवढी. बरबटीच्या शेंगा लोंबत आहेत आणि पहिलीतलं एक पोरगं त्यातली एक कच्चीच चावत उभं आहे. कुणी त्याला रागवत नाही.

अडचण भाजीची नाही, मे महिन्याची आहे. चंद्रपूर जिल्ह्याचा पारा 46 च्या वर जातो, हापशी तासभर हलवली की बादली भरते, आणि विदर्भातल्या शाळा उघडेपर्यंत जून संपत येतो. बाग काढणं सोपं. सुट्टीत ती कुणी जगवायची, हा प्रश्न फोटोत येत नाही. जिल्ह्यात अशा किती परसबागा स्पर्धेपुरत्या हिरव्या होऊन पहिल्याच उन्हाळ्यात मोडल्या असतील, ते मोजायला कुणी जात नाही. या गावानं तोडगा काढला आहे तो अगदी रोखठोक. उन्हाळ्यात भाजी धरायचीच नाही. फक्त झाडं जगवायची: मुंगना दोन, लिंबू एक, पपया, गोडनिंब आणि सीताफळ. प्रत्येक झाड एका घराला. शेजारचीच घरं, म्हणजे भांडी घासलेलं पाणी आणून टाकता येतं. बियाणं आजीच्या मडक्यात राखेत. मिरगाचा पाऊस पडला की पुन्हा दोरी आणि खुंटी. मला हा शहाणपणा आवडतो, कारण त्यात माणसांकडून जास्त अपेक्षा धरलेली नाही.

तेवढ्यात बागेच्या मागच्या टोकाला आवाज चढतात. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाला एक कोहळं लागलेलं आहे, चांगलं चार-साडेचार किलोचं, पानाआड दडलेलं, आणि ते आजच सगळ्यांना दिसलं. स्वयंपाकाच्या बाईंना ते परवाच्या भाजीला हवं आहे. आजी म्हणते, तोडायचं नाही. वेलावर पिकू द्या, बी धरायचं. गाइड पोरगा म्हणतो, पिकेपर्यंत डुक्कर ठेवणार नाही. उकिरडा ज्यांच्या घरामागं आहे ते काका आता हळूच येऊन सांगतात की शेण त्यांच्या म्हशीचं होतं.

"म्हस तुमची, पन जागा शाळेची," ताई म्हणतात.

"बी कोनाचं?" आजी विचारते. यावर सगळेच गप्प होतात, कारण खाऊन टाकलेल्या कोहळ्याची बी कुणाची ते कोण सांगणार. वहीवाली मुलगी पेन काढून उभी आहे. ती ओळ लिहिते, "कोहळं 1", आणि पुढचा रकाना मोकळा सोडते.

शाळेच्या फाटकातून ग्रामसेवक येतात. काखेत रजिस्टर, कपाळावर घाम. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा अकराची आहे, समाजमंदिरात सतरंजी टाकून तयार आहे, आणि तिथं सरपंच, शिपाई आणि दोन म्हातारे एवढेच बसलेत. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातले जे कमी असतील तेवढे जमल्याशिवाय गणपूर्ती होत नाही. गाव तर इथं चिखलात आहे.

"चला ना हो, सगळे चला, सभा तहकूब करा लागन!"

"तीन वाफे रायले साहेब," ताई म्हणतात. "ते टाकून कशे येतो?"

"मंग सभाच इथं आना," आबाजी खुर्चीतून न उठता सांगतात.

ग्रामसेवक थोडे घुटमळतात, सरपंचांना फोन लावतात, पलीकडून काय उत्तर येतं ते कळत नाही; पण पाच मिनिटांत शिपाई गुंडाळलेली सतरंजी खांद्यावर घेऊन येताना दिसतो. मागं सरपंच, मागं ते दोन म्हातारे. सतरंजी ओट्यावर पसरतात, पण तिथं बसतात फक्त तेच. बाकीचे जागचे हलत नाहीत. रजिस्टरच हिंडू लागतं. दोडक्याच्या वाफ्यातून कुंपणाकडं, कुंपणाकडून हापशीकडं. पदराला हात पुसून सह्या होतात, आजीचा अंगठा चिखलासकट उमटतो आणि ग्रामसेवक फुंकर मारून पान वाळवतात. वहीवाली मुलगीही सहीसाठी हात पुढं करते. "तुही नाही, तू मतदार नाहीस," ते म्हणतात. ती त्यांच्याकडं रोखून पाहते आणि आपली वही पुढं करते, "मंग तुम्ही याच्यावर करा. आज आलेल्यांची हजेरी हाय." ते सही करतात.

ओट्यावरून पहिला विषय वाचला जातो: मागील सभेचं इतिवृत्त कायम करणं. दुसरा विषय मोबाइल टॉवरच्या जागेचा. मांडवाखालून, काट्यांच्या ढिगामागून एकदम तीन-चार आवाज उठतात, "पहिले डुकरांचा घ्या! झटक्याची मशीन कवा देता ते सांगा!" सरपंच हात वर करतात. कोहळ्यापाशी उभे असलेले काकाही संधी साधून पुढं सरकतात, त्यांनाही एक विषय मांडायचा आहे.